सेट झालं का?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरेच्या पुलावर जिल्हा बदलतो आणि सातारा जिल्ह्यातलं पहिलं मोठं गाव लागतं, शिरवळ. तालुका खंडाळा, लोणावळ्याशेजारचं खंडाळा नव्हे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. जुन्या माणसांना हे गाव सुभानमंगळ किल्ल्यामुळे आणि लेण्यांमुळे माहीत, नव्यांना कारखान्यांमुळे. गोदरेजचे फ्रीज इथे तयार होतात, पुढे खंडाळ्याजवळ एशियन पेंट्सचा रंगांचा कारखाना आहे, आणि अशा मोठ्या नावांच्या आगेमागे सुटे भाग करून देणारी लहानमोठी वर्कशॉपं. शिफ्ट सुटताना चहाच्या टपरीवर थोडा वेळ उभं राहिलं तर एक इंग्रजी क्रियापद सारखं कानावर पडतं. ‘नवा जॉब सेट झाला का?’ ‘आरसा जरा सेट कर की गाडीचा.’ ‘थोरला पुण्यात सेट झाला, आता धाकट्याचं बघायचंय.’ ‘त्या भरतीत आधीच सेटिंग झालेलं, आपण उगाच फॉर्म भरला.’ यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजीत चार वाक्यं सलग बोला म्हटलं तर ते हसून विषय बदलतील. हे एक क्रियापद मात्र कुणी चुकत नाही.

गंमत अशी की ते इंग्रजीतलं अतिशय अवघड क्रियापद आहे. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा तिच्यातली सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ची होती: सुमारे ४३० अर्थ आणि त्यांच्या स्पष्टीकरणाला जवळपास ६०,००० शब्द. एवढ्या शब्दांत आपल्याकडे एक बऱ्यापैकी कादंबरी होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि ‘सेट’चा पहिला नंबर गेला; ‘रन’ हे क्रियापद तर ६४५ अर्थांची मजल मारून सगळ्यांच्या पुढे निघून गेलं. यंत्रं, संगणक, निवडणुका, सगळंच इंग्रजीत ‘रन’ होऊ लागलं, त्याचा हा परिणाम. तरी पहिला नंबर जाणं म्हणजे काही फार खाली उतरणं नव्हे.

आपल्या शाळांत मात्र या क्रियापदाची ओळख एका ओळीत उरकते: सेट म्हणजे ठेवणे. पाठांतराला हे सोपं, पण इथेच घोटाळा होतो. ठेवण्याला इंग्रजीत ‘पुट’ आहे. पुस्तक टेबलावर ठेवलं, चावी खिशात ठेवली, तिथे ‘पुट’. मग ‘सेट’ कशाला? सूर्य ‘सेट’ होतो तेव्हा त्याला कोण कुठे ठेवतं? मोडलेलं हाड डॉक्टर ‘सेट’ करतो, परीक्षक प्रश्नपत्रिका ‘सेट’ करतो, सिमेंट ‘सेट’ होतं, अंगठीत खडा ‘सेट’ करतात, धावपटू विक्रम ‘सेट’ करतो. ‘ठेवणे’ घेऊन यातलं एकही वाक्य नीट लागत नाही. मुलगा मग प्रत्येक अर्थ वेगळा पाठ करायला घेतो, आणि पाचव्या-सहाव्या अर्थाला कंटाळतो.

खरं दार दुसरीकडे आहे. ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत मूळ क्रियापदातला स्वर बदलून ‘दुसऱ्याकडून ते घडवणं’ असा अर्थ साधायची रीत होती. ती रीत केव्हाच मेली, पण तिच्या काही जोड्या उरल्या. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे पाडणे. लाकूडतोड्या झाड ‘फेल’ करतो ते हे क्रियापद, नापास होण्याचं नव्हे. लाय म्हणजे आडवं होणे, ले म्हणजे आडवं करणे. राइज म्हणजे उठणे, रेझ म्हणजे उठवणे किंवा उभारणे. इंग्रज मुलांनाही या जोड्या घोकाव्या लागतात, कारण त्यांच्या भाषेत हा नियम आता जिवंत नाही. आपल्याकडे तो रोज चालतो. बसणे-बसवणे, उठणे-उठवणे, पडणे-पाडणे, हे मराठी पोराला कुणी शिकवत नाही. म्हणजे ज्या ठिकाणी इंग्रजी भाषिक अडखळतो, तिथे आपला पाय आधीच घट्ट आहे. एवढी सोय असून आपण ‘ठेवणे’ का धरून बसलो, हे कोडंच आहे.

‘बसवणे’ घेऊन पुन्हा त्या यादीकडे बघा. हाड बसवतात; मराठीत अगदी हाच शब्द आहे. शिरवळलाच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासूनचं. तिथे बैलाचं निखळलेलं हाड डॉक्टर ‘सेट’ करतील, आणि बैल घेऊन आलेला शेतकरी घरी जाऊन ‘हाड बसवलं’ म्हणेल. दोघंही एकच बोलतात. खडा कोंदणात बसवतात. गाण्याला चाल बसवली तर इंग्रजीत शब्द संगीतात ‘सेट’ झाले. आणि सूर्याचं म्हणाल तर इंग्रजीच्या कल्पनेत तो संध्याकाळी खाली बसतो. आपल्याकडे तो मावळतो, बुडतो, अस्ताला जातो. शिरवळच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख तर ‘मावळ’ याच नावाने ओळखला जातो. बसणाऱ्या सूर्याची कल्पना आपल्याला जरा विचित्र वाटते खरी, पण कळायला अवघड नाही.

मराठीने या ‘बसवणे’चा स्वतःचाही भरपूर संसार मांडलेला आहे. गणपती बसवतात, नवरात्रात घट बसवतात, नाटक बसवतात, धंद्यात जम बसवतात, परक्या गावात बस्तान बसवतात, कामाची घडी बसवतात, गुन्हेगारांवर वचक बसवतात. आणि नुसतं ‘बसणे’ घेतलं तर विश्वास बसतो, धक्का बसतो, भुर्दंड बसतो, घसा बसतो. इंग्रजीच्या एका क्रियापदाला इतके अर्थ कसे, असं विचारणाऱ्याने आधी आपल्या घरातलं हे एक क्रियापद मोजून बघावं.

जिथे ‘बसवणे’ पुरत नाही तिथे ‘लावणे’ उभं असतं. घड्याळ लावणे, गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, धार लावणे, शिडाला वारा लागेल अशी दिशा लावणे, या सगळ्यांना इंग्रजीत ‘सेट’ चालतं. क्रिकेटचा कप्तान ‘फील्ड सेट’ करतो, आपण ‘फील्डिंग लावतो’. आणि ती मैदानावर लावतो तशी नोकरीसाठी, तिकिटासाठी, लग्नासाठीही लावतो. उरलेली कामं ‘मांडणे’, ‘घालणे’, ‘पाडणे’, ‘काढणे’ करतात. जेवणाची पानं मांडतात, आदर्श घालून देतात, पायंडा पाडतात, प्रश्नपत्रिका काढतात, मुहूर्त काढतात. इंग्रजीत हे सारं ‘सेट’. तेव्हा इंग्रजी-मराठी अशी एकास एक जोडी शोधण्यात अर्थ नाही. ‘बसवणे’ आणि ‘लावणे’ हे दोन मोठे भाऊ आणि त्यांच्या मागे हा घोळका, एवढं डोक्यात ठेवलं की ४३० अर्थांचं भय बरंच उतरतं.

मग इतकी तयारी घरात असताना शिरवळच्या टपरीवर ‘सेट’ आलंच कशाला? त्याचं उत्तर शब्दकोशात नाही, संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनपाशी आहे.

या मशीनवर दोन प्रकारची माणसं काम करतात, ऑपरेटर आणि सेटर. नवा जॉब आला, म्हणजे नवा भाग बनवायचा झाला, की मशीन आधी सेटरच्या ताब्यात जातं. तो जॉब पकडणाऱ्या चकचे जॉ, म्हणजे जबडे, बदलतो, लागणारी टूल टरेटमध्ये, म्हणजे टूलच्या फिरत्या चाकात, बसवतो, प्रत्येक टूलचं टोक जॉबला टेकवून त्याचं अंतर मशीनला सांगतो. याला ऑफसेट घेणं म्हणतात. मग प्रोग्राम एकेका ओळीने, सावकाश चालवून पहिला नग काढतो. तो नग मायक्रोमीटरने मोजतो. व्यास दोन-तीन शतांश मिलिमीटरने जास्त आला तर ऑफसेटमध्ये तेवढी दुरुस्ती टाकून पुन्हा नग काढतो. क्वालिटीवाल्याने पहिला नग पास केला की मग ‘मशीन सेट झालं’, आणि ऑपरेटर त्यावर शेकड्यांनी माल काढायला मोकळा. पण तेवढ्यावर संपत नाही. कापून कापून टूलच्या टोकावरच्या इन्सर्टची धार झिजते, माप मायक्रॉन-मायक्रॉनने सरकत जातं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. माप सरकलं की पुन्हा सेटिंग.

आता याच माणसाच्या बोलण्याकडे लक्ष द्या. टूल तो ‘बसवतो’. जॉब ‘लावतो’. मशीन मात्र ‘सेट करतो’. तीन क्रियापदं, तिन्हींची कामं वेगळी. वस्तू जागेवर गेली की ती बसली. पण जागेवर गेलेली वस्तू हव्या त्या मापाला आणून, पुन्हा पुन्हा तपासून, तिथेच टिकवायची, याला ‘बसवणे’ अपुरं पडत होतं. ‘जुळवणे’ म्हटलं तर दोन गोष्टी लागतात, ‘लावणे’ म्हटलं तर माप सुटतं. म्हणून ‘सेट’ आलं आणि टिकलं. हौस म्हणून आलं नाही. मराठीने त्या ४३० अर्थांतला हा एकच पदर उचलला: हलणारी गोष्ट हवी तिथे आणायची आणि तिथेच थांबवायची. आरशाचा कोन, टीव्हीचा रंग, फ्रीजचं तापमान, मोबाइलची रिंगटोन, सगळीकडे हाच पदर. हाड मात्र आजही बसवतात. हाड ‘सेट केलं’ हे दवाखान्यात ऐकू येईल, गावात नाही.

सेटिंगला लागणारा वेळ हा कारखान्याच्या दृष्टीने फुकट गेलेला वेळ. तेवढ्यात एकही नग बाहेर पडत नाही. टोयोटासाठी काम केलेल्या शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने प्रेसची डाय (साचा) दहा मिनिटांच्या आत बदलायची पद्धत रुजवली, ती जगभर पसरली, आणि आज लहान वर्कशॉपातही ‘सेटअप टाइम’वर बैठका झडतात.

‘सेटिंग’ हा शब्द शेतातही गेला आहे, आणि तिथे त्याने आणखी एक वळण घेतलं. सांगली जिल्ह्यात तासगावच्या बाजूला द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढच्या दीड-दोन महिन्यांत बागायतदाराची झोप उडते. घड फुलोऱ्यात येतो, फुलांतून मणी धरतात. हीच ‘सेटिंग’ची अवस्था. याच सुमारास अवकाळी पाऊस आला तर कूज होते, डावणी रोग येतो, मणी गळतात, आणि वर्षाचं गणित कोलमडतं. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकांत याला ‘फळधारणा’ म्हणतात, शेतकरी ‘सेटिंग चांगलं झालंय’ म्हणतो. डाळिंबवालाही तेच म्हणतो. मशीनच्या सेटिंगमागे माणूस असतो. मण्यांचं सेटिंग आपोआप होतं, माणसाने फक्त औषध मारून वाट बघायची. इंग्रजीत हे दोन्ही अर्थ एकाच ‘सेट’मध्ये राहतात. मराठीने त्यांना करणे आणि होणे अशा दोन दारांनी आत घेतलं.

बांधकामावर तर हे ‘होणे’ घड्याळ लावून मोजता येतं. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानक सांगतं, की पाणी घातल्यावर पहिल्या अर्ध्या तासाच्या आत ते धरू लागता कामा नये, आणि जास्तीत जास्त दहा तासांत ते पुरतं धरलेलं असलं पाहिजे. गवंडी ‘माल धरला’ म्हणतो, इंजिनीअर ‘सेट झाला’ म्हणतो. इथे एक गैरसमज फार आहे. सेट होणं म्हणजे आकार धरणं, मजबुती येणं नव्हे. मजबुती पाणी मारत राहिल्यावर हळूहळू येते. २८ दिवसांची ताकद मोजायची पद्धत त्यासाठीच आहे. दुसऱ्या दिवशी कडक लागतोय म्हणून स्लॅबवर विटांचा ढीग चढवणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवलेला बरा. (स्लॅबखालचं ‘सेंटरिंग’ हा शब्द ‘सेट’चा कुणी नाही. तो ‘सेंटर’च्या घरातला, कमानीखालच्या तात्पुरत्या आधाराला इंग्रजीत तसं म्हणत.)

आता माणसांकडे येऊ. ‘पोरगं सेट झालं’ हे मराठी आईबापांचं आवडतं वाक्य. यात इंग्रजीची दोन क्रियापदं एकमेकांत मिसळली आहेत, ‘सेट’ आणि ‘सेटल’. दोन्ही बसण्याच्याच मुळातून आलेली. ‘सेटल’ हे आसन या अर्थाच्या जुन्या शब्दावरून. इंग्रजीत माणूस शहरात ‘सेटल’ होतो, ‘सेट’ होत नाही. ‘माय ब्रदर इज सेट इन पुणे’ असं मुलाखतीत म्हटलं तर समोरच्याला वाटेल, एखाद्या गोष्टीचं कथानक पुण्यात घडतंय. आपल्याकडे मात्र ‘सेटल’पेक्षा ‘सेट’ अधिक ठसठशीत ठरलं. नोकरी पक्की, फ्लॅट बुक, लग्न ठरलेलं, म्हणजे मशीनसारखंच: हलत होतं ते जागेवर आलं. त्यातून प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांची वेगळीच पंचाईत. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ जी पात्रता परीक्षा घेतं तिचं नावच ‘सेट’. त्यामुळे सेट झालेला पण अजून सेट न झालेला, तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण हा महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत सहज भेटतो. विनोद जुना आहे, परिस्थिती त्याहून जुनी.

आणि ‘सेटिंग’. भरतीतलं, टेंडरमधलं, पॅनेलच्या उमेदवारीतलं. तरुण पोरांच्या बोलण्यात ‘त्याची सेटिंग आहे’ म्हणजे प्रेमप्रकरण. हे दोन्ही अर्थ इंग्रजाला सांगून कळणार नाहीत. त्याच्याकडे ‘सेटिंग’ म्हणजे कथेची पार्श्वभूमी, यंत्राची खूण, अंगठीचं कोंदण. आतून आधीच ठरवून ठेवलेल्या व्यवहाराला इंग्रजीत ‘फिक्स’ किंवा ‘रिग’ म्हणतात. आपण उघड सामन्याला ‘फिक्सिंग’ ठेवलं आणि गुपचूप कामाला ‘सेटिंग’. हा अर्थ इंग्रजी कोशात नाही म्हणून त्याला चूक म्हणणं मला पटत नाही. तो अस्सल देशी आहे.

हे क्रियापद आत आलं कसं, तेही बघण्यासारखं आहे. ‘सेटणे’ असं कुणी म्हणत नाही. ‘सेट’ जसंच्या तसं उभं राहतं, आणि काळ, लिंग, वचन, सगळं ओझं ‘करणे’ आणि ‘होणे’ वाहतात. सेट करतो, सेट केली, सेट करून ठेव, सेट होता होईना. ही युक्ती इंग्रजीसाठी काढलेली नाही. फार्सी-अरबी शब्द आले तेव्हापासून ती चालू आहे: कबूल करणे, रद्द करणे, जमा करणे, हजर होणे. काही क्रिया तर पुढे पूर्ण मराठी झाल्या. फर्मावणे, आजमावणे, नवाजणे ही मुळची फार्सी. इंग्रजी क्रियापदं अजून त्या पायरीवर चढलेली नाहीत. संकराची मराठीला लाज कधीच नव्हती. फार्सी ‘ना’ आणि इंग्रजी ‘पास’ मिळून झालेला ‘नापास’ आपण शुद्ध मराठी समजून वापरतो. आणि शिवरायांच्या १६४८च्या लढाईत गाजलेला शिरवळचा सुभानमंगळ किल्ला? सुभान अरबी, मंगळ संस्कृत.

भाषाशुद्धीच्या मोहिमांनी क्रियापदांना फारसा हात लावला नाही, हेही यातून उमगतं. रघुनाथ पंडितांचा शिवकालीन राज्यव्यवहारकोश पदांची, वस्तूंची, कारखान्यांची नावं बदलतो. सावरकरांनी रुजवलेले महापौर, दिग्दर्शक, हुतात्मा हे शब्द टिकले, सगळी नामं. नामाच्या जागी दुसरं नाम ठेवता येतं. क्रियापद ‘करणे’चा हात धरून मागल्या दाराने येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

ज्याला इंग्रजी लिहायचं-बोलायचं आहे त्याच्यासाठी दोन-चार गोष्टी. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी ‘सेटेड’ ऐकू येतंच. या क्रियापदाची तिन्ही रूपं एकच: सेट, सेट, सेट. कट, पुट, हिट, शट यांचंही तसंच. मूळ शब्दाच्या शेवटी ‘ट’ आणि भूतकाळाचा प्रत्ययही ‘ट-ड’चा, शतकांच्या ओघात दोन्ही एकमेकांत विरघळले. म्हणून ‘ही सेट्स’ म्हणजे तो करतो आणि ‘ही सेट’ म्हणजे त्याने केलं. सेटरच्या मुलाखतीत ‘आय सेट अप द मशीन’ म्हणावं. यंत्र कामाला सज्ज करण्याला ‘सेट अप’ लागतं. ‘सेट इन’ म्हणजे येऊन ठाण मांडणे. हवामान खात्याचा मान्सूनचा ‘ऑनसेट’, केरळातली त्याची सरासरी तारीख १ जून, याच घरातला. कोर्टाने आदेश ‘सेट असाइड’ केला तर तो बाजूला राखून ठेवला असं समजू नये. तो रद्द झाला. आणि चहाचा सेट, पान्यांचा सेट, दागिन्यांचा सेट हा शब्द मुळात वेगळाच आहे. लॅटिन ‘सेक्टा’वरून, फ्रेंचमार्गे आलेला. दिसायला जुळा, जन्माने परका.

खंबाटकी ओलांडली की वाई, जिथून १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली तिथे विज्ञान-तंत्रज्ञानाची हजारो पारिभाषिक नामं घडली. घाटाच्या अलीकडे, शिरवळच्या वर्कशॉपांत, क्रियापदं घडताहेत: ऑफसेट देणे, झिरो घेणे, जॉब लावणे, मशीन सेट करणे. आयटीआयच्या मास्तरांनी आणि मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा एकत्र बसून ही बोली जशी आहे तशी, अर्थासकट, लिहून काढावी. आज ती लिहून देऊ शकतील असे पहिल्या पिढीचे सेटर अजून कामावर आहेत.